घरातील हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेरची हवाच खराब असताना घरातल्या हवेचा वेगळा विचार कशासाठी करायचा?

कारण आपला बराचसा वेळ चार भिंतींच्या आत जातो, आणि तान्ही बाळे, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे यांचा तर जवळजवळ सगळाच वेळ. बाहेरची हवा दारे-खिडक्यांतून आत येतेच, पण तिच्यात स्वयंपाकाचा धूर, उदबत्तीचा धूर, डासांच्या कॉइलचा धूर, ओल्या भिंतीवरची बुरशी, नव्या रंगाची वाफ आणि गादीतली धूळ यांची भर घरात पडते. मोकळ्या जागेत जो धूर वाऱ्यावर विरून जातो, तोच दहा बाय बाराच्या खोलीत तासन्‌तास रेंगाळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक मुले होती. हा आकडा प्रामुख्याने लाकूड, शेण आणि कोळसा जाळून स्वयंपाक करणाऱ्या घरांचा आहे. तरीही शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी त्यातून स्वतःला वगळून टाकावे, असे मला वाटत नाही; का, ते पुढच्या उत्तरांतून स्पष्ट होईल.

हवा सुधारण्याचा क्रम मात्र आधीच सांगून ठेवतो. धूर निर्माण होतो ती जागा प्रथम, वारा खेळता ठेवणे त्यानंतर, आणि विकत आणायचे यंत्र सर्वांत शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा लावला जातो.

‘पीएम २.५’ म्हणजे नेमके काय, आणि ते किती असलेले चालते?

हवेत तरंगणारे जे कण २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतात, त्यांना पीएम २.५ म्हणतात. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. नाकातले केस आणि घशातला चिकट द्रव मोठी धूळ अडवतात. हे कण मात्र फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोहोचतात, आणि त्यांतले सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात. त्यामुळे त्यांचा संबंध केवळ खोकला आणि दम्याशी नाही, तर हृदयविकार आणि पक्षाघाताशीही आहे.

भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी एका घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा बरीच खाली आणली. ती अनुक्रमे ५ आणि १५ आहे. हे सर्व आकडे बाहेरच्या हवेसाठी म्हणून अधिक ओळखले जातात, परंतु फुप्फुसाला आतली हवा आणि बाहेरची हवा असा भेद कळत नाही, म्हणून घरातही हीच मोजपट्टी धरणे योग्य.

आमच्याकडे गॅस आहे, चूल नाही. मग स्वयंपाकघरात धूर कुठला?

गॅसमुळे लाकडाच्या धुरापासून सुटका होते, आणि ती फार मोठी आहे, यात शंका नाही. पण तापलेल्या तेलात मोहरी तडतडते, मिरची पडते आणि तिचा खकाणा घरभर होऊन सगळ्यांना ठसका लागतो, तेव्हा जे हवेत उडते ते तेलाचे अतिसूक्ष्म थेंब आणि जळलेल्या मसाल्याचे कण असतात. मासे तळणे, तव्यावर खरपूस भाकरी भाजणे, सुके बोंबील भाजणे, दिवाळीच्या फराळाचे तळण, उन्हाळ्यातला वर्षाचा मसाला भाजणे या प्रत्येक कामात खोलीतले सूक्ष्मकण काही मिनिटांत अनेक पटींनी वाढतात. याशिवाय गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. तो दिसत नाही, पण दम्याच्या मुलांना त्याचा त्रास होतो.

यावरचा उपाय फोडणी सोडून देणे हा नाही. शेगडी पेटवण्यापूर्वीच पंखा सुरू करावा आणि स्वयंपाक आटोपल्यावरही तो दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. तेलातून धूर निघेपर्यंत ते तापवू नये. भांड्यावर झाकण ठेवण्याची सवय लावावी. ज्योत निळी आहे ना, हे रोज पाहावे; ती पिवळी दिसू लागली किंवा भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर बर्नरची छिद्रे तुंबली आहेत आणि गॅस नीट जळत नाही, असे समजून बर्नर साफ करून घ्यावा. वर्षाचा मसाला भाजायचा असेल तर तो गच्चीत, अंगणात किंवा गॅलरीत भाजावा. हे काम पूर्वी उघड्यावर, शेजारणींच्या सोबतीने होत असे. ती रीत फुप्फुसांच्याही सोयीची होती.

एक गोष्ट येथे आग्रहाने सांगावीशी वाटते. तापलेल्या कढईसमोर उभी राहणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते, आणि तिचा खोकला ‘फोडणीचा ठसका’ म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षिला जातो. बाहेरच्या खोलीत बसलेल्यांना वास येतो, तिला धूर मिळतो. घरातल्या हवेवर जो काही खर्च करायचा असेल, त्यातला पहिला रुपया स्वयंपाकघरावर खर्च व्हावा.

चिमणी बसवावी की एक्झॉस्ट फॅन पुरेसा आहे?

धूर घराबाहेर जातो की नाही, एवढाच प्रश्न विचारावा. पाइपवाटे धूर बाहेर सोडणारी चिमणी उत्तम. मात्र बाहेर पाइप नसलेली, कोळशाच्या जाळीतून हवा गाळून ती पुन्हा स्वयंपाकघरातच सोडणारी चिमणी तेल आणि थोडा वास अडवते. वायू आणि उष्णता घरातच राहतात. अशा महागड्या चिमणीपेक्षा साधा एक्झॉस्ट फॅन अनेकदा अधिक उपयोगी ठरतो, फक्त तो योग्य जागी हवा. तो शेगडीच्या जवळ आणि छताच्या शक्य तितका निकट असावा, आणि बाहेरची हवा आत येण्याची वाट त्याच्या समोरच्या बाजूला असावी. पंख्याला लागूनच असलेली खिडकी उघडी ठेवली, तर पंखा त्या खिडकीतली हवा ओढून पुन्हा बाहेर टाकत राहतो आणि शेगडीवरचा धूर जागचा हलत नाही. अशा वेळी पंख्याजवळची खिडकी बंद करून स्वयंपाकघराचे दार किंवा पलीकडची खिडकी उघडावी. पात्यांवर साचलेला तेलकट थर महिन्यातून एकदा काढला नाही, तर पंख्याची ओढ कमी होते.

गावाकडे अजून चूल आणि बंब पेटतो. आई ऐकत नाही. काय करता येईल?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाल्यापासून गॅसची जोडणी असंख्य घरांत पोहोचली, पण सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च, भाकरीची चव आणि फुकट मिळणारे जळण या तिन्ही कारणांनी चूल विझलेली नाही. आईला दोष देण्याआधी सिलिंडरचा खर्च शहरातल्या मुलांनी उचलला, तर अर्धा प्रश्न सुटतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

चूल ठेवायचीच असेल तर ती पडवीत किंवा परसात, छप्पर असलेल्या पण भिंती नसलेल्या जागी हलवावी. पाणी तापवायचा बंबही मोरीत न ठेवता बाहेर ठेवावा. जळण पूर्ण वाळलेले आणि बारीक फोडलेले असावे. ओले लाकूड आणि अर्धवट सुकलेल्या गोवऱ्या सर्वाधिक धूर करतात. प्लॅस्टिकची पिशवी किंवा रबर पेटवण म्हणून वापरू नये, कारण त्यातून निघणारे वायू लाकडाच्या धुरापेक्षाही घातक असतात. चुलीपाशी बसताना तान्हे मूल मांडीवर किंवा पाठीशी नसावे. आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही: जुन्या कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून आणि धुराड्यातून निघून जात असे. त्याच घरावर स्लॅब पडला, चूल मात्र होती तिथेच राहिली, तर धूर पूर्वीपेक्षा जास्त कोंडतो. घर बांधताना या एका गोष्टीचा विचार गवंड्याशी बोलून अवश्य करावा.

मशेरी घरात भाजली जात असेल, तर तीही थांबवावी. मशेरी हा तव्यावर जाळलेला तंबाखूच आहे, आणि तो भाजताना निघणारा धूर घरातल्या प्रत्येकाच्या छातीत जातो.

बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी आणि धुरी द्यावी का?

हा प्रश्न नाजूक आहे, कारण त्यामागे आजीची माया आणि अनेक पिढ्यांचा विश्वास असतो. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, कधी लसणाची साले टाकायची आणि न्हाऊ घातलेल्या बाळाला त्या धुरावर धरायचे, ही पद्धत आजही अनेक घरांत पाळली जाते. थंडीवाऱ्यात ओल्या अंगाच्या बाळाला ऊब मिळावी, हा तिचा हेतू योग्यच आहे. परंतु ऊब आणि धूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवजात बाळाची फुप्फुसे अजून वाढत असतात, श्वासनलिका अतिशय अरुंद असतात आणि बाळाचा श्वास मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक वेगाने चालतो. तेवढ्याच वजनामागे ते आपल्यापेक्षा जास्त हवा, म्हणजे जास्त धूरही, आत घेते. ओव्याचा असला तरी धूर हा धूरच असतो. त्याहून गंभीर धोका निखाऱ्यांचा आहे. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद केलेली खोली आणि तिच्यात रात्रभर ठेवलेली शेगडी ही जोडी प्राणघातक ठरू शकते. धूर निघून गेला, आता नुसते निखारे आहेत, म्हणून खोली सुरक्षित झाली, हा समज चुकीचा आहे.

ऊब हवीच असेल तर बाळाला न्हाऊ घातल्यावर लगेच कोरडे करून, टोपडे घालून, आईच्या उघड्या छातीशी कवटाळून वरून गोधडी पांघरावी. याहून चांगला शेक नाही. बाळंतिणीच्या कंबरेला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देता येतो. आजीला हे सांगताना ‘तुमची पद्धत चुकीची’ असे न म्हणता, वावडिंग-शेपेचे पाणी, तेल लावून मालिश, गरमगरम डिंकाचे लाडू हे सगळे तसेच ठेवू, फक्त निखारे खोलीबाहेर नेऊ, असे म्हटले तर पटते, असा माझा अनुभव आहे.

उदबत्ती, धूप, कापूर आणि डासांची कॉइल यांचे काय?

कॉइलपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत वाईट आहे आणि ती नेमकी झोपण्याच्या खोलीत, रात्रभर, बंद दारांआड जळते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्मकण सोडते. ज्या घरात कोणी विडीलाही हात लावत नाही, तिथे मुलांच्या उशाशी ही कॉइल ठेवली जाते. मच्छरदाणी, खिडक्यांना जाळी आणि आठवड्यातून एकदा कुंड्यांच्या ताटल्या, कूलर, पिंप, गच्चीतले जुने टायर यांतील पाणी ओतून टाकणे, हे उपाय धुराशिवाय काम करतात. विजेवर चालणाऱ्या द्रवरूप औषधात धूर नसतो, तरी त्यात कीटकनाशक असतेच. ते लावले तर एखादी खिडकी किलकिली असावी.

उदबत्ती आणि धूप यांच्याबद्दल कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचे कारण नाही. पूजेपुरती एक उदबत्ती, देवघराजवळची खिडकी उघडी, आणि आरतीनंतर घरात वारा, इतके पुरेसे आहे. सुगंध दरवळावा म्हणून दिवसभर एकामागून एक उदबत्त्या लावणे आणि तिन्हीसांजेला बंद घरात धुपाचा लोट करणे टाळावे. समईने किंवा निरांजनाने तुलनेने फार थोडा धूर होतो, आणि तीही वात लहान ठेवली तर आणखी कमी. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ताजी फुले आणि समई यांवर पूजा व्हावी. त्यात काही उणे राहत नाही.

बाथरूममधला गॅस गिझर धोकादायक असतो का?

बंद बाथरूममध्ये बसवलेला असेल, तर होय. गॅस जळायला प्राणवायू लागतो. लहानशा बंद जागेत तो काही मिनिटांत कमी होतो आणि ज्योत अपुरी जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. अंघोळ करणाऱ्याला आधी डोके जड झाल्यासारखे वाटते, मळमळते, आणि धोका उमगेपर्यंत दाराची कडी काढण्याचीही ताकद उरत नाही. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. गॅसला येणारा ओळखीचा वास हा गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळून तयार झालेल्या विषारी वायूला तो वास नसतो, म्हणून ‘वास आला असता तर कळले असते’ या भरवशावर राहू नये.

गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवावेत आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. ते शक्य नसेल तर बादल्या आधी भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, मगच अंघोळीला जावे. आतून प्रतिसाद येत नसेल तर दार तोडावे, गॅस बंद करावा, व्यक्तीला मोकळ्यावर आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खिडक्या कधी उघडाव्यात? सकाळची हवा सर्वांत शुद्ध असते ना?

हा समज पावसाळ्यात खरा, हिवाळ्यात बहुधा खोटा. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते, आणि वाहनांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या पालापाचोळ्याचा धूर त्याखाली अडकतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी टेकडीवरून पाहिले तर शहरावर हा करडा थर स्पष्ट दिसतो. ऊन तापले की तो वर उचलला जातो. मुंबईत रात्री आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात आणि हवा धुऊन काढतात. हिवाळ्यात हे खारे वारे उशिरा सुरू होतात आणि क्षीण असतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घर दुपारी साधारण बारा ते चार या वेळेत उघडे ठेवणे अधिक शहाणपणाचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दिसतो; तो जितका जास्त, तितकी हवा वाईट. तो २०० च्या वर असेल तर रस्त्याकडच्या किंवा शेजारच्या बांधकामाकडच्या खिडक्या बंद ठेवून मागच्या बाजूच्या उघडाव्यात.

एकच खिडकी उघडून फारसे साधत नाही. समोरासमोरच्या दोन वाटा दहा मिनिटे उघडल्या तर जी हवा पालटते, ती एका खिडकीने तासाभरातही पालटेलच असे नाही.

रात्रभर एसी लावला की हवा गाळून मिळते, मग खिडकी कशाला?

घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा थंड करतो. बाहेरची हवा आत आणत नाही. त्याची जाळी मोठी धूळ अडवते, सूक्ष्मकण नव्हे. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असते. दोन माणसे झोपलेल्या बंद खोलीत पहाटेपर्यंत ते २,००० च्याही वर जाऊ शकते. एवढ्याने जीवाला धोका नसतो, पण सकाळी डोके जड वाटते. शिवाय ही वाढ एक खूण असते: खोलीतले प्रत्येकजण एकमेकांनी सोडलेली हवाच घेत आहे. क्षयरोग, गोवर, सर्दी-पडसे अशाच हवेतून पसरतात. मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागातल्या, एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या पुनर्वसन इमारतींमध्ये ऊन-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिलेला आहे. झोपताना दार किंचित उघडे ठेवावे, आणि जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी.

पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटाला कुबट वास येतो. बुरशी कशी घालवावी?

बुरशी पुसून जात नाही. पाणी बंद झाले तरच जाते. आधी ओल कुठून येते ते शोधावे: गच्चीची भेग, खिडकीच्या चौकटीची फट, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती, की भिंतीतला फुटका नळ. ओल्या भिंतीवर रंग मारणे म्हणजे काळे डाग पुढच्या श्रावणापर्यंत झाकणे. दुरुस्ती उन्हाळ्यातच, एप्रिल-मेमध्ये उरकावी. जूनमध्ये गवंडी मिळत नाही आणि भिंत वाळत नाही.

डाग लहान असेल तर नाका-तोंडावर मास्क लावून साबणाच्या पाण्याने तो घासावा आणि पंख्याखाली भिंत पूर्ण कोरडी करावी. कोरडा ब्रश मुळीच फिरवू नये, कारण त्याने बुरशीचे बीजकण खोलीभर उडतात. हातभर व्यासापेक्षा मोठा पट्टा असेल तर गिलावा काढून नवा करावा लागतो. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावीत. कपडे घरातच वाळवावे लागतात, हे कोकणात आणि मुंबईत अटळ आहे. ते झोपण्याच्या खोलीत न वाळवता एक्झॉस्ट असलेल्या जागी वाळवावेत. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट कोकणातल्या जुलैत केवळ खिडक्या उघडून गाठता येत नाही. दम्याचा रुग्ण असेल, तर त्याच्या खोलीपुरता हवा कोरडी करणारे यंत्र घेणे हा पैशांचा सदुपयोग आहे.

धुळीसाठी रोज झाडतो, तरी शिंका थांबत नाहीत. का?

कोरड्या केरसुणीने धूळ जमिनीवरून उठते आणि तासभर हवेत तरंगते. आधी ओलसर फडक्याने पुसून घ्यावे, किंवा झाडताना खिडक्या उघडून ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला दुसऱ्या खोलीत पाठवावे. पण सकाळच्या शिंकांचे मूळ बहुधा जमिनीत नसते, अंथरुणात असते. गादी आणि उशीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीतल्या किड्यांची विष्ठा हे त्याचे सर्वसामान्य कारण. हे किडे दमटपणावर जगतात. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. पाऊस संपताच गाद्या, गोधड्या, रजया यांना कडक ऊन दाखवावे आणि नंतर त्या घराबाहेरच झटकाव्यात.

दिवाळीआधी रंगकाम आणि नवे फर्निचर करायचे आहे. काय काळजी घ्यावी?

रंग आणि पॉलिश यांतून उडणारी द्रव्ये पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतात, तर प्लायवूडच्या डिंकातून निघणारा फॉर्माल्डिहाइड कित्येक महिने झिरपत राहतो. तो कर्करोगकारक ठरवण्यात आलेला आहे आणि उष्ण, दमट हवेत त्याचे प्रमाण वाढते. म्हणून काम दसऱ्याआधी संपवावे, पाण्यावर आधारित कमी वासाचा रंग निवडावा, आणि नव्या कपाटांची दारे-खण आठवडाभर उघडे ठेवून खोली वारंवार हवेशीर करावी. गरोदर स्त्रीने आणि बाळाने त्या खोलीत झोपू नये. जुन्या घरातला रंग मात्र कोरडा खरवडू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांपर्यंत खाली आणणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांच्या थरांत शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधक असते. भिंत ओली करून घासावी.

साफसफाईच्या वस्तू आणि डांबरगोळ्या यांनीही हवा बिघडते का?

बिघडते. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जीवघेणा ठरू शकतो. डांबरगोळ्यांतील नॅप्थॅलिन बाळाच्या कपड्यांत मुरते, आणि ज्या बाळांत जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाची झबली-दुपटी कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवावीत.

गॅलरीत कबुतरे आहेत. खरोखर त्रास होतो का?

होतो, आणि तो साध्या ॲलर्जीपुरता राहत नाही. वाळलेली विष्ठा आणि पिसांचा भुगा वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिला, तर काही व्यक्तींच्या फुप्फुसांना कायमची सूज येऊन ती ताठर होतात. कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप ही त्याची सुरुवात. मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना झाकण्यावरून वाद झाला, तेव्हा ही बाब चर्चेत आली. गॅलरीला जाळी लावावी, एसीच्या बाहेरच्या भागावरची घरटी काढावीत, आणि विष्ठा पाण्याने पूर्ण भिजवून मगच, मास्क लावून, खरडावी.

हवा शुद्ध करणारी झाडे लावली तर?

झाडे अवश्य लावावीत, मात्र हवेसाठी नव्हे. या समजाचे मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे. तो हवाबंद पेटीत केला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा फेरआढावा घेतला गेला, तेव्हा साध्या वायुवीजनाइतका परिणाम मिळवायला दर चौरस मीटरमागे १० ते १,००० झाडे लागतील, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे शंभर चौरस फुटांच्या खोलीत कमीत कमी नव्वद कुंड्या.

एअर प्युरिफायर घ्यावा का, आणि कोणता?

आधीचे उपाय करूनही गरज उरत असेल तर घ्यावा. विशेषतः महामार्गालगतचे घर, शेजारी चाललेले बांधकाम, घरात दम्याचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण, किंवा नोकरीनिमित्त दिल्लीत काढावा लागणारा हिवाळा ही सबळ कारणे आहेत. खऱ्या हेपा गाळणीचा आग्रह धरावा, ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. त्यानंतर सीएडीआर हा आकडा पाहावा. तो यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देते ते सांगतो. दीडशे चौरस फुटांच्या खोलीला निदान १७० हवा, आणि आपल्याकडची छते उंच असल्याने २०० ते २५० घेतलेला बरा. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नयेत; ओझोन स्वतःच फुप्फुसांना दाहक आहे. गाळणी बदलण्याचा वार्षिक खर्च दुकानातच विचारून घ्यावा, कारण तुंबलेल्या गाळणीचे यंत्र नुसता पंखा असते. आणि हे यंत्र कार्बन मोनॉक्साइड काढत नाही, हे विसरू नये.

हवा मोजणारे छोटे यंत्र विश्वासार्ह असते का?

तुलनेसाठी होय. फोडणीच्या आधी व नंतर, कॉइल लावलेल्या व न लावलेल्या रात्री यांतला फरक ते चांगला दाखवते, आणि घरातल्यांना पटवायला त्याचा फार उपयोग होतो. पावसाळी दमट हवेत मात्र ते पाण्याच्या सूक्ष्म थेंबांनाही धूळ समजून आकडा फुगवते.

आमची चाळीतली एकच खोली आहे. स्वयंपाक, झोप, अभ्यास सगळे तिथेच. यातले काय जमेल?

बरेच काही. शेगडी खिडकीखाली किंवा दाराजवळ आणावी. खिडकीच्या वरच्या तावदानाच्या जागी सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवता येतो. भाड्याच्या खोलीतही मालक सहसा त्याला हरकत घेत नाही. तळण चालू असताना मुलांना गॅलरीत किंवा शेजारी पाठवावे. दार उघडे ठेवण्यात संकोच वाटत असेल तर पडदा लावावा, पण दाराच्या वरची झडप पुठ्ठ्याने बंद केलेली असेल तर ती आजच उघडावी. जुन्या चाळी बांधणाऱ्यांनी ती वाऱ्यासाठीच ठेवली होती. खोलीत कोणीही विडी-सिगारेट ओढू नये, अगदी खिडकीशी उभे राहूनसुद्धा नाही. कॉइलऐवजी दुहेरी मच्छरदाणी घ्यावी. आणि अभ्यासाला बसणाऱ्या मुलाची जागा शेगडीच्या समोरच्या कोपऱ्यात, वारा आत येतो त्या बाजूला असावी, म्हणजे त्याच्यापर्यंत हवा आधी पोहोचेल आणि धूर त्याच्यावरून न जाता पंख्याकडे जाईल.